मग पुढे काय?

गेल्या रविवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी असा साग्रसंगीत बेत. कारण होतं मावसबहिणीचा बी.ए.चा निकाल. पोरगी मराठीत कॉलेजात पहिली आलेली. सगळे खूश होते. काकांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मग आता पुढे काय?"

"एम.ए. करणार. मराठीत."

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शन सर्व्हर पडला की आमच्या फ्लोअरवर जी शांतता पसरते, तशी शांतता पसरली. मग एकेक जण सुरू झाला. बी.एड. कर, निदान शाळेत तरी चिकटशील. एम.पी.एस.सी.चा क्लास लाव. एच.आर.मध्ये एम.बी.ए. होतं म्हणे बी.ए.वाल्यांना. काकांचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा होता. "वाचायचंय ना? वाच की घरी! कोण नको म्हणतंय? त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?" आणि मग शेवटचा बॉम्ब: "विचार की तुझ्या दादाला. आयटीत आहे, तो काय ते बरोबर सांगेल."

तिने माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, घरात पुस्तकं वाचणारे आम्ही दोघंच. लहानपणी सुट्टीत वाचनालयाचं एकच कार्ड दोघांत वापरायचो. आणि मी, जो दर वीकएंडला इथे मराठी पुस्तकांबद्दल पानंच्या पानं खरडतो, मी जिलबीचा तुकडा मोडत म्हणालो, "स्कोप तसा कमीच आहे ना त्यात..."

ती काही बोलली नाही. पाणी आणायला म्हणून उठली आणि बराच वेळ आत राहिली.

आठवडाभर ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून आजचं हे. वैतागून लिहितोय, तेव्हा थोडं कमीजास्त झालं तर चालवून घ्या.

आधी त्या 'स्कोप'चं बघू. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा इंजिनिअर. चार वर्षांत अँटेना, मायक्रोवेव्ह, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग असं बरंच काही घोकलं. शेवटचा पेपर दिल्यापासून अँटेनाशी माझा संबंध घरचा वायफाय राउटर दोन फूट डावीकडे सरकवण्यापुरता उरलाय. नोकरी लागली ती कॅम्पसमध्ये. ॲप्टिट्यूड टेस्ट, ग्रुप डिस्कशन, आणि मग तीन महिने त्यांनीच जावा शिकवली. शेजारी बसणारा मेकॅनिकलचा, पलीकडची सिव्हिलची. तिने चार वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडले आणि आता विम्याच्या क्लेमचे स्क्रीन बनवते. आम्हा कोणालाच कधी कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या त्या थर्मोडायनॅमिक्सचा पुढे काय उपयोग झाला? इंजिनिअरिंगला वाया जायची परवानगी आहे. साहित्याने मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब द्यायचा.

बरं, आमची नोकरी तरी कुठे दगडावरची रेघ आहे? २०२३ मध्ये आमच्या मजल्यावरच्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या ते मी बघितलंय. बाहेर पडलेल्यांपैकी एकालाही कुणी "तरी सांगत होतो, इंजिनिअरिंग करू नकोस" असं म्हणालं नाही. मार्केट वाईट आहे, म्हणाले. मराठीच्या एम.ए.ला नोकरी मिळाली नाही की मात्र चूक मराठीची, आणि ते घेणाऱ्या पोरीची.

असो. हे सोपं होतं. खरा मुद्दा काकांचा आहे. वाचायचं तर घरी वाचावं, एम.ए. कशाला? यावर मला रविवारी उत्तर सुचलं नाही, कारण मीही मनातल्या मनात तेच समजत होतो. एम.ए. म्हणजे जास्त कादंबऱ्या वाचणं. त्या तर मी शनिवारी वाचतोच!

मग गंमत म्हणून (आणि थोडं अपराधीपणानेही) घरातलं लीळाचरित्र काढलं. तीन वर्षांपूर्वी प्रदर्शनात मोठ्या ऐटीत घेतलं होतं. पहिल्या पानावर अडकलो. मराठीच ती, पण शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ हातातून निसटतो. क्रियापदाचं रूप कळेना, 'तेणे' कोण आणि 'तयाते' कोण ते कळेना. आठशे वर्षं जुनं मराठी नुसतं भाषेवरच्या प्रेमाने वाचता येत नाही, हे तेव्हा मला कळलं. ते शिकावं लागतं. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी जुन्या मराठीचा एक अख्खा कोश केलाय, १९९९ मध्ये आलेला. फेल्डहाउसबाई अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विद्यापीठात शिकवायच्या. त्यांना कुणी विचारलं असेल का हो, "मग पुढे काय?"

त्या पुस्तकाची गोष्ट तर ऐका. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. रिद्धपूरला, तेराव्या शतकात. परंपरा सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना ती पाठ होती त्यांनी आठवून आठवून पुन्हा उभी केली. साहजिकच वेगवेगळे पाठ तयार झाले. एकाच लीळेबद्दल अमक्याची आठवण अशी आणि तमक्याची तशी असेल तर ती नोंद ठेवलेली असते, तिला 'वासना' म्हणतात. म्हणजे बघा, बॅकअप गेला, लोकांच्या डोक्यातून डेटा रिकव्हर केला, आणि जिथे कॉन्फ्लिक्ट आला तिथे एकाचं पुसून दुसऱ्याचं न लिहिता दोन्ही ठेवले. आमच्या टीममध्ये ही शिस्त असती तर माझे कित्येक वीकएंड वाचले असते.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली प्रसिद्ध. एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर, आपण ज्याला सबस्टिट्यूशन सायफर म्हणतो तोच प्रकार. पंथाबाहेरच्या लोकांना या पोथ्या कित्येक शतकं वाचताच येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली, आणि मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा बाहेर यायला लागला. क्रिप्टोग्राफीच्या लेक्चरला सीझर सायफर शिकवताना रोमन सेनानीचं नाव घेतात. आपल्या महानुभाव मठांमधलं हे प्रकरण आम्हाला कुणी सांगितलं नाही. (राजवाड्यांनी कुठे एम.ए. केलं होतं, असं काका म्हणतील. नव्हतं केलं. पण त्यांनी आयुष्य घालवलं त्यात. दोन वर्षं जास्त वाटणाऱ्यांनी हे उदाहरण देऊ नये.)

ज्ञानेश्वरीचंही तेच. आपल्या देव्हाऱ्यातली ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये जशी सांगितली गेली तशीच आपल्यापर्यंत आली, असं मी धरून चाललो होतो. तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना तिच्या प्रती इतक्या बिघडलेल्या दिसल्या की त्यांनी बसून शुद्ध प्रत तयार केली. आणि वर दम दिला की यापुढे कुणी आपली ओवी यात घुसडू नका. तरीही नाथांच्या आधीची प्रत कशी असेल हा प्रश्न उरतोच. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक जुनी प्रत मिळाल्याचं सांगून ती छापली, आणि त्यावरही अभ्यासकांचे वाद झाले. हे वाद हवेत होत नाहीत. त्याला पद्धत आहे, आणि ती पद्धत वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो.

समजा दहा हस्तलिखितं आहेत. त्यातल्या चारांमध्ये एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक आहे. तर ती चारही एकाच प्रतीवरून उतरवलेली असणार. इंजिनिअरिंगला जर्नल कम्प्लीशन केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको! आमच्या बॅचला तिघांच्या जर्नलमध्ये ऑसिलोस्कोपचं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलं होतं आणि सरांनी पाच मिनिटांत मूळ चोर शोधला होता. मग अशा चुकांवरून प्रतींची वंशावळ काढायची. आणि दोन पाठ समोर आले, एक सोपा आणि एक अवघड, तर बहुतेक वेळा अवघड पाठ जुना धरायचा. कारण उतरवून घेणारा माणूस न कळलेला शब्द बदलून ओळखीचा टाकतो, पण ओळखीचा शब्द काढून मुद्दाम कठीण शब्द घालत नाही. किती साधं, आणि किती अचूक! पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते १९६६ मध्ये संपलं. १२५९ हस्तलिखितं जमवली होती. सत्तेचाळीस वर्षांचा प्रोजेक्ट, आणि सुरू करणारे संपवायला नव्हते. आमच्याकडे दोन क्वार्टर एक टेक-लीड टिकला तर केक कापतात.

लॉ कॉलेज रोडवरून मी रोज ऑफिसची बस पकडायचो. त्या संस्थेच्या फाटकासमोरून शेकडो वेळा गेलोय. असो.

तर काका, हे घरी वाचता येत नाही. म्हणजे कादंबरी वाचता येते, पण ती ज्या भाषेतून आली, ज्या प्रतीतून आली, आपण तिला चांगली म्हणतो ते नक्की कशाच्या जोरावर म्हणतो, हे शोधायला शिक्षक लागतो, ग्रंथालय लागतं, आणि तुमच्या मताला समोरासमोर खोडून काढणारी चार माणसं लागतात. माझ्यासारखा शनिवारचा वाचक पुस्तक आवडलं की 'भारी' म्हणतो आणि नाही आवडलं तर 'पकाऊ'. मला खोडणारं कुणी नाही. दहा वर्षं वाचून माझं मत जिथे होतं तिथेच आहे.

इथपर्यंत वाचून मराठीचे प्राध्यापक खूश झाले असतील तर थांबा जरा. आता तुमची पाळी.

मी वर जे लिहिलं ते एम.ए. मराठीच्या किती वर्गांमध्ये खरोखर घडतं? गेल्या आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकात मुद्दाम चक्कर मारली. एम.ए.ची गाईडं मागितली. दुकानदाराने विचारलं, "कुठलं सेमिस्टर?" आणि हात न लांबवता गठ्ठा पुढे ठेवला. उघडून बघितली. प्रश्न: 'अमुक कवीच्या कवितेतील निसर्गजाणीव सोदाहरण विशद करा.' उत्तर: मुद्दा एक ते मुद्दा आठ, आणि प्रत्येक मुद्द्याखाली दोन ओळींचं उदाहरण, तेही तयार. मूळ कवितासंग्रह हातात न धरता माणूस मराठीचा पदव्युत्तर होऊ शकतो. मी थर्मोडायनॅमिक्स असाच पास झालो होतो, म्हणून ओळखीचं वाटलं आणि जास्त राग आला. पुलाचं गणित पाठ करून पास होणारा निदान पुढे पूल बांधायला जात नाही. इथे पाठ करून पास झालेलाच पुढे वर्गात उभा राहतो.

प्रबंधांचं तर विचारू नका. कुठल्याही विद्यापीठाची यादी घ्या. 'अमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक अभ्यास.' 'तमुक यांच्या कथांतील ग्रामजीवन : एक चिकित्सक अभ्यास.' हे एक फंक्शन आहे. लेखकाचं नाव पॅरामीटर म्हणून पाठवा, प्रकरणं आपोआप बाहेर पडतात: लेखकाचं जीवन, वाङ्मयप्रकाराची वाटचाल, कथानकं, व्यक्तिरेखा, भाषाशैली, निष्कर्ष. चारशे पानं, हार्डबाउंड, सोनेरी अक्षरं. तिकडे जात्यावरच्या ओव्या बघा. गी पॉइत्व्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगणकाच्या माणसाने त्यांचा डेटाबेस उभा केला. एक लाख ओव्या, बायकांनी रचलेल्या, गावानुसार आणि विषयानुसार लावलेल्या! यावर किती पोरांनी पीएच.डी. करायला हवी होती? पण गाईड सांगतो तो विषय घ्यायचा असतो. (हा गाईड म्हणजे मार्गदर्शक, चौकातला नव्हे. फरक कधी कधी कमी असतो.)

आणि हे सगळं शिक्षकांच्या माथी मारूनही मोकळं होता येत नाही. माझा एक शाळकरी मित्र एम.ए. मराठी, सेट पास, नंतर नेटही. सहा वर्षं 'तासिका तत्त्वावर' शिकवतोय. आयटीवाल्यांसाठी सांगतो: जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आल्या, की मीटर बंद. वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. मधल्या काळात यूजीसीने आधी ठरवलं की पीएच.डी. असल्याशिवाय विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर होता येणार नाही, मग ती तारीख पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये नियमच मागे घेतला. तोवर याने प्रवेश घेऊन फी भरलेली. एका संस्थेत कायमच्या जागेसाठी त्याला आकडा सांगितला गेला. तो मी लिहीत नाही, पण त्यात माझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं. असा माणूस तीन कॉलेजांत मोटरसायकलवरून फिरत तास घेतो. त्याने रात्री बसून पाठचिकित्सेचा नवा पेपर तयार करावा अशी माझी अपेक्षा आहे, म्हणजे मीही कमाल आहे.

यात सगळ्यात जास्त चीड मला आपलीच येते. आपली म्हणजे तुमची आणि माझी. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या रात्री माझ्या फोनवर इतके फॉरवर्ड आले की बॅटरी उतरली. काकांनी तर दोनदा पाठवला. तो दर्जा कसा मिळाला? रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ मध्ये समिती नेमली गेली, तिने पुरावे गोळा करून अहवाल दिला. गाथासप्तशती, लीळाचरित्र, शिलालेख. हे पुरावे ज्यांना वाचता येतात ती माणसं आकाशातून पडत नाहीत. कुणाच्या तरी घरी कुणीतरी जेवताना "मराठीत एम.ए. करणार" म्हणालेलं असतं. आपल्याला अभिजात भाषा हवी आहे, फक्त ती शेजाऱ्याच्या पोराने शिकावी!

आता मला एक युक्तिवाद करता येईल. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एका ॲपचं मराठीकरण झालं. चाळीस इंजिनिअर, त्यातले निम्मे मराठी, आणि 'खाते गोठले आहे' की 'गोठवले आहे' यावर अर्धा तास कॉल. शेवटी करारावर एक मराठीची एम.ए. मुलगी घेतली. तिने पहिल्याच दिवशी दाखवलं की आपला मेसेज वाचून म्हाताऱ्या माणसाला वाटेल बँकेत काहीतरी बिघडलंय, तर खरं म्हणजे बँकेने मुद्दाम थांबवलंय, आणि दोन्हींत क्रियापदाचाच फरक आहे. आता यंत्रं मराठी लिहायला लागलीत, तर अशी माणसं आणखी लागतील, वगैरे. बघा, स्कोप आहे!

पण हा युक्तिवाद मी मावशीकडे करणार नाही. तो करणं म्हणजे काकांच्याच खेळपट्टीवर खेळणं. उद्या ते करार बंद झाले तर लीळाचरित्र टाकाऊ ठरणार का? त्या मुलीला आमच्या कँटीनच्या कंत्राटदारापेक्षा किती कमी पैसे मिळत होते तेही मला माहीत आहे. पोरीला खोटं स्वप्न दाखवायचं नाही. पैसे कमी मिळतील, शिक्षक कदाचित बरे मिळतील कदाचित गाईड वाचून दाखवणारे, आणि दोन वर्षांनी "मग पुढे काय" पुन्हा विचारलं जाईल, तेव्हाही ठाम उत्तर नसेल. हे सगळं तिला माझ्याआधीच माहीत आहे. तिला आमच्याकडून माहिती नकोच होती.

परवा रात्री तिला फोन केला. आधी दोन मिनिटं इकडचंतिकडचं. मग म्हणालो, रविवारी मी मूर्खासारखं बोललो. "हो," ती म्हणाली. एवढंच. मग म्हणालो की फी मी भरतो, माझ्या एका सेमिस्टरच्या फीत तुझं अख्खं एम.ए. होऊन वर पुस्तकं येतील. त्यावर म्हणाली, "फी मी शिकवण्या घेऊन जमवलीये दादा. फॉर्म भरला मंगळवारी. तू फक्त बाबांशी बोल."

आज संध्याकाळी जातोय. लीळाचरित्र बॅगेत टाकलंय. मला पहिलं पान वाचता येत नाही, तिला येतं का बघतो, काकांसमोरच.